फक्त त्याचीच खूण

तालुक्याच्या गावात दवाखान्यांच्या गल्लीतून चालत गेले, की ‘डायग्नॉस्टिक सेंटर’ अशा दोन-तीन पाट्या तरी दिसतात. त्यामुळे हे इंग्रजी विशेषण आपल्या मनात रक्ताच्या तपासणीशी आणि सोनोग्राफीशी जोडले गेले आहे. पक्षी, साप, फुलपाखरे, गवते यांच्या मागे हिंडणारी माणसे मात्र ते निराळ्या ठिकाणी वापरतात. ‘याची शेपटी डायग्नॉस्टिक’, ‘पोटाचा पांढरा रंग डायग्नॉस्टिक’ असे त्यांच्या बोलण्यात सहज येते. ग्रीकमधून आलेल्या या शब्दाच्या मुळाशी ‘वेगळे करून ओळखणे’ हा अर्थ आहे, आणि रोग ओळखणारा डॉक्टर काय, पक्षी ओळखणारा हौशी निरीक्षक काय, दोघांचे काम तेच असते. आपल्याकडे तर्कशास्त्राने यासाठी फार नेमका शब्द दिला आहे : व्यवच्छेदक. एखाद्या वस्तूला तिच्यासारख्या दिसणाऱ्या बाकी सगळ्यांपासून तोडून बाजूला काढते, ती व्यवच्छेदक खूण.

डोळ्यांत भरणारी खूण आणि व्यवच्छेदक खूण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक ध्यानात न घेतल्याने माणसे मरतात, निरुपद्रवी प्राणी मारले जातात, आणि एखादा पक्षी शंभराहून अधिक वर्षे सगळ्यांच्या नजरेतून सुटून जातो.

मण्यार आणि कवड्या हे दोन साप घ्या. महाराष्ट्रात दोन्ही सर्रास आढळतात, दोन्ही रात्री फिरतात, दोन्ही घरात शिरतात. कवड्या भिंतीवरच्या पालींच्या शोधात येतो. मण्यार कसा असतो, असे कोणालाही विचारा. उत्तर येईल, ‘गडद रंगाचा, अंगावर पांढरे आडवे पट्टे असलेला.’ हे वर्णन खरे आहे. अडचण एवढीच, की ते कवड्यालाही जवळपास तसेच्या तसे लागू पडते. कवड्या बिनविषारी आहे. मण्यारचे विष मज्जासंस्थेवर घाला घालते. जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला तो रात्री चावतो, पुष्कळदा वेदना जाणवतही नाही, दातांच्या खुणा शोधूनही नीट दिसत नाहीत, आणि काही तासांनी पापण्या जड होऊन मिटू लागतात. पुढे श्वासाचे स्नायू थकतात. पट्ट्यांवर विसंबून कवड्याला मण्यार समजले, तर एक गरीब साप जिवानिशी जातो. उलट चूक झाली, ‘हा कवड्याच आहे, काही होत नाही’ असे कोणी म्हणाले, तर घरातले माणूस जाते.

मग खरा फरक कुठे आहे? तो पट्टे असण्या-नसण्यात नाही, पट्टे कुठून सुरू होतात यात आहे. कवड्याचे पट्टे मानेपाशीच सुरू होतात, पुढच्या भागात ठळक असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारचे नेमके उलटे : मानेजवळ ते नसतात किंवा पुसट असतात, मागे जाऊ तसे स्पष्ट होतात, आणि बऱ्याचदा बारीक पट्ट्यांची जोडी-जोडी दिसते. नजर पट्ट्यांवरच असते, पण प्रश्न बदलला की तेच पट्टे वेगळे सांगू लागतात.

त्याहून पक्की खूण मण्यारच्या पाठीवर असते. पाठीच्या मधोमध, डोक्यापासून शेपटीपर्यंत, षट्कोनी खवल्यांची एक रांग जाते आणि हे खवले शेजारच्या खवल्यांपेक्षा स्पष्ट मोठे असतात. कवड्याच्या पाठीवर सगळे खवले सारखे. इथे थांबावेसे वाटते, पण थांबून चालत नाही. झाडांवर राहणाऱ्या काही निरुपद्रवी सापांच्या पाठीवरही मधली रांग मोठी असते; रुकईच्या असते, मांजऱ्याच्या काही जातींत असते. म्हणजे ‘मोठे मधले खवले’ ही खूण मण्यारला कवड्यापासून वेगळे करते, पण साऱ्या सापांपासून नाही. म्हणून जाणकार आणखी दोन-तीन गोष्टी पाहतात. मण्यारच्या शेपटीखालचे खवले अखंड असतात, रुकई-मांजऱ्यांचे दुभागलेले. नाकपुडीलगतचा खवला आणि डोळ्यापुढचा खवला यांच्या मधोमध कवड्याला एक छोटा खवला असतो, मण्यारला तो नसतोच. फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरने विसाव्या शतकाच्या आरंभी भारतातले विषारी साप ओळखायला शिकवणारे पुस्तक लिहिले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने ते प्रसिद्ध केले. त्यातली रीत हीच होती. रंगावर भर नाही. खवले कुठे मोठे, कुठे दुभागलेले, कुठे गैरहजर, याची उतरंड.

हे खवले मोजायचे ते मेलेल्या सापाचे, किंवा ते काम प्रशिक्षित सर्पमित्राचे, हेही इथेच स्पष्ट सांगितले पाहिजे. दंश झाल्यावर साप ओळखत बसू नये आणि त्याला पकडायलाही जाऊ नये. भारतात मिळणारे प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते; डॉक्टर लक्षणे पाहून उपचार करतात. त्या घडीला एकच गोष्ट महत्त्वाची, रुग्णालय गाठणे.

खूण कुठे कमी पडते आणि कुठे बाहेर सांडते, याचा विचार आपल्या तर्कशास्त्राने आधीच केला आहे. त्यासाठी आता गाईकडे वळू. सतराव्या शतकात अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ नावाचा छोटा ग्रंथ आणि त्यावर स्वतःच ‘दीपिका’ ही टीका लिहिली. न्यायशास्त्राचा श्रीगणेशा आजही पुष्कळ ठिकाणी याच ग्रंथाने होतो. लक्षण कसे सांगावे हे शिकवताना या परंपरेत गाईचा दाखला येतो. गाय कशी ओळखायची? कोणी म्हणेल, तिचा रंग कपिल. पण सगळ्या गाई कपिल नसतात. लक्षण काही गाईंपर्यंत पोचतच नाही. हा अव्याप्तीचा दोष. कोणी म्हणेल, तिला शिंगे असतात. पण शिंगे म्हशीलाही असतात. लक्षण गाईच्या बाहेर सांडते. ही अतिव्याप्ती. कोणी म्हणेल, तिचा खूर घोड्यासारखा एकसंध असतो. असा खूर एकाही गाईला नसतो. हा असंभव. मग उरते सास्ना, म्हणजे गळ्याखाली लोंबणारी पोळी. ती प्रत्येक गाईला असते आणि म्हशीला नसते. डोळ्यांत भरणारी शिंगे बाजूला सारून गळ्याखालच्या कातडीपर्यंत पोचायचे, यात केवढी शिस्त आहे! ज्यांच्या दारात ही जनावरे रोज उभी होती, अशाच कोणीतरी गाय आणि म्हैस शेजारी-शेजारी न्याहाळून हे लक्षण काढले असणार.

न्यायशास्त्राला लक्षण तिन्ही दोषांपासून मुक्त हवे असते, कारण त्याला व्याख्या करायची आहे. रानात, दवाखान्यात किंवा ओढ्याकाठी उभ्या असलेल्या माणसाला व्याख्या करायची नसते. समोर आलेला एकच जीव ओळखायचा असतो. त्याच्या दृष्टीने अव्याप्ती आणि अतिव्याप्ती सारख्या वजनाचे दोष नाहीत. अतिव्याप्ती त्याला दगा देते. अव्याप्ती चालून जाते, फक्त तिची दिशा ध्यानात ठेवावी लागते. मोराचा पिसारा पाहा. लांडोरीला तो नसतो, पावसाळ्यानंतर पिसे झडली की मोरालाही नसतो. तरी तो दिसला, की पुढे शंकेला जागा राहत नाही. ‘आहे’ म्हटले की निकाल लागतो, ‘नाही’ म्हटल्याने मात्र काहीच सिद्ध होत नाही.

वैद्यकात याचे एक सुरेख उदाहरण गोवराचे आहे. ताप, सर्दी, खोकला, लाल डोळे, मग अंगावर पुरळ. यातले प्रत्येक लक्षण दुसऱ्या दहा आजारांत येते. न्यूयॉर्कचे बालरोगतज्ज्ञ हेन्री कॉप्लिक यांनी 1896 मध्ये दाखवून दिले, की गोवराच्या मुलाच्या गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या समोर, लालसर पार्श्वभूमीवर पांढुरके बारीक ठिपके येतात, आणि तेही पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधी. या ठिपक्यांना पुढे त्यांचेच नाव मिळाले. प्रत्येक मुलात ते सापडतात असे नाही, आणि दिसले तरी लवकर विरून जातात. पण दिसले, तर पुरळाची वाट पाहावी लागत नाही. मुलाला इतर मुलांपासून आधीच दूर ठेवता येते. गोवर किती झपाट्याने पसरतो हे ठाऊक असलेल्याला या एक-दोन दिवसांची किंमत कळेल. आयुर्वेदातही रोगाच्या अशा स्वतःच्या खुणेला ‘प्रत्यात्म लक्षण’ असे वेगळे नाव आहे. ज्वराच्या पोटात कितीतरी तक्रारी येतात, पण देह आणि मन यांचा संताप हे ज्वराचे स्वतःचे चिन्ह, असे चरकसंहिता सांगते.

वनस्पती आणि प्राण्यांच्या शास्त्रात या विचाराला कायद्याचे रूप आले ते कार्ल लिनियसमुळे. आज आपण त्याला दोन शब्दी नावांचा जनक म्हणून ओळखतो. त्याच्या स्वतःच्या लेखी मात्र वनस्पतीचे खरे नाव होते ती तिची भेददर्शक ओळ : त्या कुळातल्या बाकी सगळ्या जातींपासून तिला वेगळे करणारे लॅटिन शब्द, फार तर 12. बारा शब्दांत झाडाचे वर्णन होत नाही. वेगळेपण मात्र सांगता येते, तेही शेजारच्या जाती नीट पाहिलेल्या असतील तरच. 1753 मध्ये ‘स्पेसीज प्लांटारम’ या ग्रंथात त्याने समासात सोयीसाठी एकेक छोटे विशेषण दिले. पुढे ती सोयच टिकली आणि बारा शब्दांची ओळ वेगळी होऊन शोधनिबंधाचा एक विभाग बनली. आजही नवी जात जाहीर करताना ‘वर्णन’ आणि ‘डायग्नॉसिस’ असे दोन विभाग असतात. वर्णनात जीवाची इत्थंभूत हकीकत येते. डायग्नॉसिसमध्ये फक्त एवढेच, की हा जवळच्या कोणत्या जातींपासून कोणत्या खुणांनी वेगळा. प्राण्यांच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय संहितेनुसार 1930 नंतर दिलेल्या नव्या नावासोबत असा फरक शब्दांत सांगणे आवश्यक आहे. तो नसेल तर नाव ग्राह्यच धरले जात नाही.

सह्याद्रीत गेल्या काही वर्षांत खडकांवरच्या छोट्या पालींच्या कितीतरी नव्या जाती नोंदल्या गेल्या. त्यांचे निबंध उघडले, की नराच्या मांडीखालच्या सूक्ष्म छिद्रांची संख्या, पाठीवरच्या गाठींची मांडणी, बोटांखालच्या पट्ट्यांची मोजदाद यांनी ते विभाग भरलेले दिसतात. वाचायला कोरडे वाटते, पण एकेक आकडा म्हणजे शेजारच्या डोंगरावरच्या पालीशी केलेली तुलना असते. आणि असा विभाग कायमचा पुरा होत नाही. पुढच्या खिंडीत आणखी एक पाल सापडली, की कालपर्यंत व्यवच्छेदक असलेली खूण दोघींची होते आणि यादी नव्याने लिहावी लागते.

लिनियसची एक गोष्ट मला फार आवडते. 1735 च्या ‘सिस्टेमा नॅचुरे’त प्रत्येक प्राण्यापुढे त्याने ओळखीच्या खुणा दिल्या, दात किती, नखे कशी. माणसापुढे त्याने खूण दिली नाही. तिथे लॅटिनमध्ये एवढेच लिहिले, की स्वतःला जाण. 1747 मध्ये योहान गेओर्ग ग्मेलिन या निसर्गअभ्यासकाला लिहिलेल्या पत्रात त्याने मोकळेपणाने विचारले आहे, की निसर्गशास्त्राच्या नियमांत बसेल असा माणूस आणि वानर यांच्यातला फरक कोणी सांगू शकत असेल तर सांगावा, मला तो माहीत नाही. डार्विनच्या शंभरेक वर्षे आधी हे लिहिले गेले. खुणा शोधण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने खूण नसल्याचे मान्य करावे, यातच त्याची थोरवी दिसते.

पण लिनियसच्या खुणा हातात धरलेल्या, वाळवलेल्या, कापलेल्या नमुन्यांवरच्या होत्या. पक्ष्यांचा अभ्यास तर दीर्घकाळ बंदुकीनेच झाला. पक्षी पाडायचा, कातडी सोलायची, मग पुस्तक उघडायचे. जिवंत पक्षी दुरून ओळखायचा असेल तर वेगळ्या खुणा लागतात. याची एक उत्तम सुरुवात इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावच्या गिल्बर्ट व्हाइट या पाद्र्याने केली. तिथल्या झाडांत हिरवट-पिवळट, चिमुकले, पानांत हरवून जाणारे पक्षी होते. सगळे एकच मानले जात. 1768 मध्ये व्हाइटने पत्रातून कळवले, की हे तीन वेगळे पक्षी आहेत, कारण तिघांचे गाणे ठाम वेगळे आहे. नंतर त्याने पिसांतले फरकही दाखवले, पण आधी खूण सापडली ती कानाला.

बंदूक खाली ठेवून दुर्बीण उचलण्याचा मोठा बदल घडवला तो अमेरिकेच्या रॉजर टोरी पीटरसनने. अर्नेस्ट थॉम्पसन सीटन यांच्या 1903 च्या एका बालकादंबरीत एक मुलगा असतो. तळ्यातली बदके त्याला जवळ येऊ देत नाहीत. मग तो पेंढा भरून ठेवलेल्या बदकांची चित्रे काढतो आणि दुरून दिसणाऱ्या ठिपक्यापट्ट्यांचे नकाशे तयार करतो. पीटरसनने ही कल्पना घेतली आणि 1934 मध्ये वयाच्या पंचविशीत पक्ष्यांचे क्षेत्रपुस्तक प्रसिद्ध केले. त्याची चित्रे साधी होती. पिसांचे सौंदर्य त्याने मुद्दाम बाजूला ठेवले, सारखे दिसणारे पक्षी एकाच पानावर एकाच बाजूला तोंड करून बसवले आणि फरकाच्या जागेवर छोट्या रेघा ओढल्या. रेघ जिथे टेकते तिथेच पाहायचे. आपल्याकडे सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या दहा खंडांच्या ‘हँडबुक’मध्येही प्रत्येक पक्ष्याच्या नोंदीत क्षेत्रात ओळखण्याच्या खुणांचा वेगळा परिच्छेद आहे.

शहरात राहणाऱ्याला यातली एक खूण आजच पाहता येईल. आकाशात घिरट्या घालणाऱ्या मोठ्या तपकिरी पक्ष्याची शेपटी मधोमध खाच असलेली दिसली, तर ती आपली नेहमीची घार. शिकारी पक्ष्यांत रंगाला फार भुलायचे नसते, उन्हात आणि वयानुसार तो बदलतो. ब्राह्मणी घारीची शेपटी मागे गोलाकार असते, खाच नसते. मात्र वळण घेताना घार शेपटी पूर्ण फाकवते तेव्हा तिची खाच भरून निघते आणि शेपटी सरळ कापल्यासारखी दिसते. म्हणून क्षणभर थांबावे, तिला शेपटी मिटू द्यावी.

आता त्या पक्ष्याची हकीकत, जिच्यासाठी हे प्रकरण लिहायला घेतले. ती आपल्या सातपुड्यातली आहे.

पिंगळा आपण सगळ्यांनी पाहिला आहे. गावाच्या वेशीवरच्या वडाच्या ढोलीत, विजेच्या तारेवर, जुन्या वाड्याच्या वळचणीला बसणारे, संध्याकाळ झाली की कलकलाट करणारे छोटे घुबड. डोके आणि पाठ पांढऱ्या ठिपक्यांनी भरलेली. डिसेंबर 1872 मध्ये आजच्या छत्तीसगडमधल्या बसना-फुलझर भागात एफ. आर. ब्लेविट यांनी पिंगळ्याएवढेच एक घुबड मारले आणि ते ॲलन ह्यूमकडे पाठवले. हाच ह्यूम पुढे काँग्रेसच्या संस्थापकांत गणला गेला. त्या काळी तो भारतीय पक्ष्यांचा सर्वांत मोठा संग्राहक होता. त्याने ओळखले, की हे पिंगळ्यासारखे असले तरी पिंगळा नाही. 1873 मध्ये त्याने त्याला ‘हेटरोग्लॉक्स ब्लेविटी’ असे नाव दिले. हेटरोग्लॉक्स म्हणजे वेगळे घुबड. मराठीत त्याला रानपिंगळा किंवा वनपिंगळा म्हणतात.

त्यानंतर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच नमुने मिळाले, आणि त्यातले बरेचसे खानदेशात मुंबई इलाख्याचे सनदी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी तळोदा-शहादा भागात जमवले. 1884 नंतर पक्षी दिसेनासा झाला. सगळे मिळून सात नमुने जगभरच्या संग्रहालयांत राहिले. सलीम अली आणि रिप्ली यांनी त्याचा शोध घेतला, पण हाती काही लागले नाही. 1968 मध्ये रानपिंगळ्याचे म्हणून एक छायाचित्र पुढे आले. पुढे नीट तपासल्यावर कळले, की तो साधा पिंगळाच होता. पक्षी पाहिलाच नसेल, आणि जे लिहिले आहे ते वर्णन असेल, तर असे होणारच. दोन्ही तपकिरी, दोन्हीच्या अंगावर पांढरे, दोन्ही एवढुसेच.

याच काळात एक खोटी नोंद शोधाची दिशा चुकवत होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन हा ब्रिटिश सैनिक आणि पक्षिसंग्राहक मोठा नावाजलेला होता. 1954 मध्ये त्याचा सुमारे 20 हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमकडे गेला. त्यात एक रानपिंगळाही होता आणि त्याच्या चिठ्ठीवर लिहिले होते, की तो 1914 मध्ये गुजरातमधल्या मांडवी येथे मारला. त्यामुळे हा पक्षी विसाव्या शतकात, तापीच्या खालच्या खोऱ्यातही होता असे सगळे धरून चालले. 1993 मध्ये ॲलन नॉक्स यांनी माइनर्ट्झहागेनच्या काही नमुन्यांतली लबाडी पुढे आणल्यावर संशय वाढला. स्मिथसोनियन संस्थेत भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांचे मार्गदर्शक पुस्तक तयार करणाऱ्या पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी हा रानपिंगळा हातात घेतला, त्याची क्ष-किरण छायाचित्रे काढली.

प्रत्येक संग्राहकाची नमुना तयार करण्याची स्वतःची रीत असते : काप कुठे द्यायचा, आतले काय काढायचे, काय ठेवायचे, कापूस कसा भरायचा. पक्ष्याच्या जातीसारखीच संग्राहकाच्या हाताचीही व्यवच्छेदक खूण असते. मांडवीच्या म्हटल्या गेलेल्या त्या पक्ष्यावर डेव्हिडसनच्या हाताच्या खुणा निघाल्या. तो मुळात संग्रहालयातूनच चोरलेला, उसवून नव्याने भरलेला आणि खोटी चिठ्ठी लावलेला डेव्हिडसनचा खानदेशी पक्षी होता. चिठ्ठी बदलली होती, पण त्या हाताची शैली पुसता आली नव्हती. हा पुरावा दोघांनी 1999 मध्ये ‘आयबिस’ या पक्षिविज्ञानाच्या नियतकालिकात मांडला.

शोधासाठी याचा अर्थ सरळ होता. मांडवी वगळायची, आणि जिथून खरे नमुने आले होते तिथे जायचे. त्यापेक्षाही महत्त्वाचे काम रासमुसेन यांनी संग्रहालयात आधीच केले होते. उरलेले रानपिंगळे आणि साध्या पिंगळ्यांचे पुष्कळ नमुने शेजारी ठेवून त्यांनी खुणा निवडल्या होत्या. पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके. रानपिंगळ्याचे डोके आणि पाठ जवळजवळ एकरंगी. पिंगळ्याच्या मानेमागे फिकट कॉलर. रानपिंगळ्याला ती नीट नसतेच. पिंगळ्याच्या छातीवरच्या तपकिरी रेघा पोटापर्यंत उतरतात. रानपिंगळ्याची छाती गडद आणि खाली पोट निखळ पांढरे. पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठसठशीत पांढरे पट्टे. चोच आणि डोके थोराड, पाय भरगच्च पांढऱ्या पिसांत बुडालेले. यातली एकेकटी खूण धुळीने, सावलीने, पिसे झिजल्याने चकवू शकते. सगळ्या एका पक्ष्यावर जुळल्या, तर दुसरा पक्षी असूच शकत नाही.

नोव्हेंबर 1997 मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांनी आधी पूर्वेकडच्या जुन्या जागा धुंडाळल्या. तिथे पक्षी मिळाला नाही. मग ते शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याच्या सागाच्या रानात आले. 25 नोव्हेंबरच्या सकाळी, ऊन वर आलेले असताना, निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर एक छोटे घुबड उघड्यावर बसलेले किंग यांना दिसले. पाहणी सुरू झाली ती नेमकी त्या जागांपासून : डोक्यावर ठिपके नाहीत, पाठीवर नाहीत, पोट पांढरे, पाय पांढरे, शेपटीवर रुंद पट्टे. त्यांनी चित्रण केले, छायाचित्रे घेतली. 113 वर्षांनी रानपिंगळा जिवंत दिसला होता.

तो भर दिवसा उघड्यावर बसला होता, हे विशेष. पुढच्या अभ्यासात कळले, की रानपिंगळा मुख्यतः दिवसा वावरणारा पक्षी आहे, बसल्या जागी शेपटी झटकन बाजूला हलवतो, आणि त्याचे आवाज साध्या पिंगळ्यापेक्षा स्पष्ट वेगळे आहेत. संग्रहालयातल्या सात कातड्यांवर यातले काहीही वाचता येण्यासारखे नव्हते. जिवंत पक्षी पाहिल्यावर त्याच्या खुणांची यादी वाढली, आणि त्यातली आवाजाची खूण सर्वांत उपयोगी ठरली, कारण दाट सागाच्या रानात पक्षी दिसण्याआधी ऐकू येतो. मेळघाटात, यावल अभयारण्यात, मध्य प्रदेशातल्या खंडवा-बऱ्हाणपूर पट्ट्यात तो सापडत गेला. तिथल्या जंगलातल्या आदिवासी पाड्यांच्या आसपास तो इतकी वर्षे होताच. ज्यांना फरक ठाऊक होता ती माणसे तिथे पोचली नव्हती, आणि जी पोचली त्यांच्या मनात पिंगळ्याचे चित्र आधीच पक्के होते.

ह्यूमने त्याला वेगळे कुळ दिले होते, त्याचेही पुढे काय झाले ते सांगण्यासारखे आहे. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात रानपिंगळा ‘अथिनी’ या कुळात, म्हणजे साध्या पिंगळ्याच्याच भावकीत बसतो असे आढळले. जात वेगळी, हे ह्यूमचे म्हणणे कायम राहिले. कुळ वेगळे, हे राहिले नाही. डोक्यावरचे ठिपके आणि पोटाचा रंग जात ओळखायला पुरेसे होते, नाते किती जवळचे हे सांगायला नव्हते. त्यासाठी रक्तापर्यंत जावे लागले.

त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’वरून ‘संकटग्रस्त’ या वर्गात आला. याचे एक कारण म्हणजे तो नव्या ठिकाणी सापडू लागला होता. त्यातली सर्वांत अनपेक्षित नोंद ऑक्टोबर 2014 ची : मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आतल्या तानसा अभयारण्यातली. या रानातले तानसा धरण मुंबईला पाणी पुरवते, आणि पक्षिनिरीक्षकांचा तिथे कितीतरी वर्षांचा राबता आहे. पश्चिम घाटात हा पक्षी असेल असे कोणी धरलेच नव्हते, त्यामुळे तानसात दिसणारे छोटे घुबड हे पिंगळाच, असे मानून माणसे पुढे जात असत. त्या नोंदीनंतर शहापूर-मोखाड्यापासून डांगपर्यंतच्या सागाच्या रानांत फिरणारे अभ्यासक प्रत्येक पिंगळ्यापाशी थांबून आधी त्याच्या डोक्याकडे पाहू लागले.